तिसरं कडवं

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी डावा हात वर केला तेव्हा चर्चमधल्या सगळ्या मंडळीला वाटलं, त्या देवाचं स्तवन करताहेत. त्या पहिल्या बाकावर होत्या. त्यांच्यापुढे त्यांच्या सात वर्षांच्या मुलीची पांढरी शवपेटी होती, आणि आम्ही सगळे उभे राहून माझ्या बाबांनी लिहिलेलं गाणं गात होतो. आमच्याकडे दफनविधीला तेच गातात. पहिली दोन कडवी नीट पार पडली. तिसऱ्याची पहिली ओळ संपता संपता तो हात वर गेला, कोपरात न वाकता, तळवा पुढे करून. मागच्या बाकावरच्या दोघीतिघींनी भरल्या डोळ्यांनी आपापले हात वर केले. ऑर्गन वाजवणाऱ्याला चेव चढला, आवाज वाढला. मला मात्र तो हात ओळखीचा होता. मी त्या बाईंची पेशंट आहे. कित्येक वर्षं त्यांच्या खुर्चीत आडवी होतेय, आणि तोंडात आरसा घालण्याआधी त्या दर वेळी तेच सांगतात, ‘दुखलं की डावा हात वर करा, मी लगेच थांबेन.’ आणि त्या थांबतात. अर्ध्या सेकंदात यंत्राची घरघर बंद होते आणि त्यांचा मास्कवरचा चेहरा विचारतो, कुठे? आम्ही थांबलो नाही. कडवं पुरं केलं, आणि शेवटचं कडवं दोनदा म्हणायची आमच्यात रीत असल्यामुळे ते परत एकदा म्हटलं.

पूस डोळे गे माउली, आवर हुंदके;
फूल आवडे माळ्याला तुझेच नेमके.

मी करारनामे लिहिते. कोर्टात भांडणारे वकील वेगळे. मी भांडण होऊच नये म्हणून आधी वाक्यं बांधून देणारी. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडलं तर सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे, त्यामुळे शब्दाकडे मी संशयाने बघते आणि त्या संशयाचाच मला पगार मिळतो. मी नाकावर माशी बसू देत नाही असं लोक म्हणतात. बसली तर ती कोणत्या कलमाखाली बसली हे मी विचारते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणूनच मंडळीचं गीतपुस्तक नव्याने छापायचं ठरलं आणि जुन्या गीतांतला शब्द न् शब्द शास्त्राशी, म्हणजे बायबलशी, ताडून पाहायची टूम निघाली, तेव्हा पाळकांनी मला त्या समितीत ओढलं. समिती म्हणजे आम्ही तिघंच. पाळक, जे वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत आणि कुणाला दुखवायचं नाही या एका नियमावर आयुष्य काढताहेत, ऑर्गनवादक, ज्यांना सगळे ‘काळी पाच’ म्हणतात, कारण जगातलं कुठलंही गाणं ते शेवटी काळी पाचलाच आणून बांधतात, आणि मी. चर्चच्या मागच्या खोलीत, एकावर एक रचलेल्या खुर्च्या आणि वितळलेल्या मेणाच्या वासात आमच्या बैठका होत. पद्धत मीच घालून दिली होती. शास्त्र हे म्हणतं का? शास्त्र याच्या उलट म्हणतं का? की शास्त्र याबद्दल गप्प आहे? गप्प असेल तर कवीने बोलायला हरकत नाही, पण शास्त्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

गंमत यायची. नाताळच्या, बालकाच्या जन्माच्या गीतात तीन राजे मुकुट घालून उंटांवरून येत होते. मी म्हटलं, शास्त्रात पूर्वेकडून ज्ञानी लोक आले एवढंच आहे. किती ते नाही, राजे होते असं तर मुळीच नाही, आणि उंटांचा उल्लेख नाही. ‘मग बसवा चालीत,’ काळी पाच म्हणाले, आणि बाजाच्या पेटीवर बोटं आपटत गायले, ‘काही ज्ञानी, कशावरूनसे, कुठूनतरी आले.’ पाळक इतके हसले की त्यांचा चहा सांडला. राजे आम्ही राहू दिले. कुणाचं त्यात काही जात नव्हतं. पण त्याच गीतात पुढे बाळ गव्हाणीत निजलंय आणि ‘रडू न त्यास ठावे’ अशी ओळ होती, ती मी काढायला लावली. जो मोठेपणी मित्राच्या कबरेपाशी चारचौघांत रडला, तो लहानपणी भूक लागल्यावर गप्प पडून राहत होता असं म्हणणं म्हणजे त्याला माणूस न समजणं, असं मी म्हटलं, आणि माझ्या वाक्यावर मीच खूश झाले. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार मजेत होते. ऑफिसातून परस्पर तिथे जायचं, हातात लाल पेन्सिल धरायची आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मेलेल्या कवींना उभं करून उलटतपासणी घ्यायची. कुणी उठून उत्तर देणार नाही याची खात्री असली की माणसाला किती सुंदर प्रश्न सुचतात! बाबांचं गाणं क्रमाने बरंच मागे होतं, आणि ते येईल तेव्हा येईल असं मी समजून चालले होते. किंवा मी त्याच्याकडे मुद्दाम पाहत नव्हते. दोन्ही शक्य आहे. या जागी ‘किंवा’ नको, ‘आणि’ हवं.

दफनानंतरच्या बैठकीत मी क्रम मोडला. पान उघडून मधोमध ठेवलं आणि सांगितलं, ‘हे तिसरं कडवं शास्त्राच्या विरुद्ध आहे. काढायला हवं.’ पाळकांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ‘हे तुमच्या बाबांचं आहे,’ ते हळूच म्हणाले, जणू मला ठाऊक नसावं. काळी पाच तर उठूनच उभे राहिले. ‘अहो, हे काढलं तर लोक आपल्याला जिवंत ठेवणार नाहीत! माझ्या आईच्या वेळी हेच वाजवलंय मी. लोकांना त्यातून धीर येतो.’ मी विचारलं, ‘कुणाला येतो? गाणाऱ्यांना की जिच्यासाठी गातो तिला?’ आणि त्या हाताचं सांगितलं. पाळक गोरेमोरे झाले. त्यांना वाटलं होतं, इतक्या दुःखातही बाईंचा विश्वास काय अढळ आहे. पुढच्या प्रवचनात ते हे सांगणारही होते.  बाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं, तो फुस्स फुस्स आवाज मला आमच्या श्वासासारखा वाटला. शेवटी पाळक म्हणाले, ‘मुद्दा बरोबर आहे. पण बाकीचे कवी वारलेत. हे आहेत. त्यांच्याशी आधी बोलायला नको?’ हे त्यांनी माझ्यावर सोपवलं, आणि मीही मान डोलावली, कारण मी बरोबर होते. बरोबर असलं की कुठेही जाता येतं अशी माझी समजूत होती.

घरी जाताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने चालत गेले. दुकानांचे दिवे लागत होते, एका शिंप्याच्या खिडकीत बिनडोक्याचा पुतळा कोट घालून उभा होता, आणि मला गोटू आठवत होता. म्हणजे गोटू आठवत नाही हेच आठवत होतं. माझा धाकटा भाऊ. मी चौथीत असताना तो गेला, तो शाळेतही जायला लागला नव्हता. मला शेजारच्यांकडे ठेवलं होतं. तिथल्या मोरीतल्या फिनेलचा वास आठवतो, उशीच्या अभ्र्यावरचं निळं भरतकाम गालाला टोचायचं ते आठवतं, पण त्याचा चेहरा फोटोतलाच आहे, माझा स्वतःचा असा चेहरा त्याला नाही. घरी परत आणलं तेव्हा माणसं बसली होती, आणि एक जाड बाई माझे दोन्ही गाल धरून म्हणाली, ‘देवाला आवडला गं तुझा भाऊ, म्हणून नेला.’ मी ते नीट ऐकून घेतलं. मी तेव्हाही शब्द नीटच ऐकायची. देवाला जे आवडतं ते देव नेतो. मग मी बरेच दिवस देवाला आवडू नये अशा बेताने वागले. नखं खाल्ली. प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवले. वर्गात पहिला नंबर येईल अशी भीती वाटली तेव्हा गणिताचं एक उत्तर मुद्दाम खोडलं. रात्री अंगावर चादर घेताना ती डोक्यावरून घ्यायची, म्हणजे वरून पाहणाऱ्याला आत कोण आहे ते कळू नये. त्याच सुमारास बाबांचं गाणं चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, आणि सगळे रडले, आणि सगळ्यांनी बाबांचे हात हातात घेतले. आई माझ्या शेजारी होती. तिसरं कडवं आलं तशी ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. पुढे मी मोठी झाले, कितीतरी दफनांना आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो, आणि तिसरं कडवं आलं की आईच्या पर्समधलं काहीतरी हरवायचंच. मी हे पाहिलेलं होतं. मी करारातला स्वल्पविराम चुकलेला पाहते, पण हे मी पाहिलं होतं आणि वाचलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी आईबाबांकडे गेले. बाबा नगररचना खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी टेबलावर पट्टी, पेन्सिली आणि खोडरबर एका रेषेत असतात, आणि गीत लिहायचं झालं तरी ते आधी समास आखतात. आई ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती. ती पलंगावर बसून वाळलेले कपडे घडी करत होती, अशी की प्रत्येक टॉवेल निर्जंतुक व्हावा. मी बसले आणि लांबण न लावता सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, आणि मला वाटलं होतं तसे ते अजिबात कोसळले नाहीत. उलट त्यांना तरतरी आली.

‘बरं, वकीलबाई,’ ते म्हणाले. ‘शास्त्राला धरून नाही म्हणता. मग शास्त्रातलाच तो ईयोब काय म्हणतो? एका दिवसात त्याची सगळी मुलं गेली. तर तो म्हणाला, देवाने दिलं होतं, देवाने परत घेतलं. आणि तिथेच लिहिलंय की असं बोलून त्याने काही पाप केलं नाही. मी वेगळं काय लिहिलंय?’

मी याच्यासाठी तयारी करून आले होते. ‘बाबा, ईयोब हे स्वतःबद्दल बोलला. शोकाने स्वतः राखेत बसून. ते त्याने बोलावं, तो हक्क त्याचा. पण दुसऱ्याच्या राखेपाशी येऊन त्याला समजावणारे कोण होते? त्याचे मित्र. तेही देवाच्या बाजूनेच बोलत होते, चांगलं सुंदर बोलत होते, आणि शेवटी देवाने कुणाला झापलं? मित्रांना. म्हणाला, तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत.’

 बाबांनी पट्टी उचलून ती परत त्याच जागी ठेवली.

‘तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्ही ईयोब होतात,’ मी म्हटलं. ‘आम्ही गातो तेव्हा आम्ही मित्र असतो. शब्द तेच, पण तोंड बदललं की करार बदलतो. आणि कडव्यात तुम्ही तर ‘मी’सुद्धा म्हटलेलं नाही. ‘पूस डोळे गे माउली’ म्हटलंय. आख्खी मंडळी उभी राहून एका बाईला सांगते, डोळे पूस. शास्त्र मरणाला शत्रू म्हणतं, शेवटचा शत्रू. तुम्ही त्याचं काम देवाला दिलंत, देवाला माळी केलंत. आणि त्यातून ‘नेमके’! सगळी बाग सोडून त्याला तुझंच फूल नेमकं आवडलं! हे ऐकून कुठल्या आईने त्याच्यापुढे गुडघे टेकावेत?’

‘‘हुंदके’ला दुसरं काय जुळतं?’ बाबा म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते, भुवया जवळ आणून, जणू इतक्या वर्षांनी कुणी तज्ज्ञ भेटला आहे. ‘मी दोन दिवस शोधत होतो. ‘फुंके’ होत नाही. ‘धके’ होत नाही. मग ‘नेमके’ आलं. चपखल बसलं. इतकं चपखल की मला वाटलं वरूनच आलं.’

‘म्हणजे यमकासाठी देवाला चोर केलंत,’ मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं, आणि बोललं ते खरं आहे असंही वाटलं. दोन्ही वाटणं एकाच वेळी, एकाच घशात. बाबांचा चेहरा वाळवायला टाकलेल्या कागदासारखा कडांनी वळला. त्यांनी आईकडे पाहिलं. माणूस साक्षीदाराकडे पाहतो तसं. ‘अगं, सांग की हिला. तुझ्यासाठीच लिहिलं होतं ना ते? तू जेवत नव्हतीस. झोपत नव्हतीस.’

आईने हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली. ‘माळ्याने फूल खुडलं म्हणे,’ ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता, कपड्यांच्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे सांगतानाचा. ‘मी होते ना तिथे. घटसर्प होता त्याला. घशात पांढरा पडदा धरला होता, लस तेव्हा सगळीकडे पोचत नव्हती. पोरगं श्वासासाठी पलंगाची दांडी धरून उठून बसायचं. कुणी खुडताना असं दिसत नाही हो. माझ्या हातून सुटू नये म्हणून तो धडपडत होता आणि मी त्याला धरून होते. दोघंही हरलो. एवढंच झालं.’

बाबा म्हणाले, ‘तू इतक्या वर्षांत बोलली नाहीस.’

‘तुम्ही रडत नव्हता. लिहीत होता. माणसाचं रडणं कुणी मधेच थांबवतं का?’ मग ती माझ्याकडे वळली. ‘आणि तू. तू बरोबर आहेस. पण काढशील तेव्हा ते शास्त्राविरुद्ध आहे म्हणून काढ. मला आवडत नाही म्हणून काढू नकोस. माझ्या आवडीनिवडीवर मंडळीचं पुस्तक चालायला नको.’ आणि तिने टॉवेलांची चळत उचलली आणि ती आत गेली.

घटसर्प. लहानपणी हा शब्द माझ्या कानावरून गेला असणार, पण मी तो आजाराचं नाव म्हणूनच ऐकला होता. त्या दुपारी, कपाट उघडल्याबंद केल्याचा आवाज आतून येत असताना, तो शब्द माझ्यापुढे सुटा झाला. बागेत माळी नव्हताच. बागेत सर्प होता. शास्त्रात तर पहिल्या काही पानांतच तो आहे, आणि तो कुणाच्या बाजूचा आहे हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. हे मी बाबांना सांगणार होते, मुद्दा फार पक्का होता. पण बाबा खिडकीबाहेर पाहत बसले होते, आणि त्यांची मान मागून एवढी बारीक दिसत होती की मी तो मुद्दा तसाच गिळला. आयुष्यात न मांडलेला माझा बहुधा तो पहिलाच मुद्दा.

त्यानंतर बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भांडून नव्हे. फोन लावला की ते ‘आईला देतो’ म्हणत आणि खरोखर आईला देत. पाळक विचारत राहिले, काळी पाच तर मला चर्चच्या दारात गाठून म्हणाले की पुस्तक छापायचं आहे, म्हातारबुवांचा रुसवा निघेपर्यंत छापखाना थांबणार नाही. मी डगमगले नाही, हे मला सांगितलं पाहिजे. रात्री मी शास्त्र उघडून सगळं पुन्हा ताडून पाहिलं, माझ्या विरुद्ध बाजूचं वकीलपत्र घेऊन स्वतःशी भांडले, आणि दर वेळी तिथेच येऊन पोचले. प्रभू मित्राच्या कबरेपाशी गेला तेव्हा त्याने कुणालाही डोळे पूस म्हटलं नाही. थोड्याच वेळात तो त्या मित्राला उठवणार होता, ते त्याला ठाऊक होतं, तरी आधी तो त्या मित्राच्या बहिणींबरोबर रडला. ज्याच्या हातात सगळं होतं त्याने जर हुंदके आवरले नाहीत, तर आम्ही कोण आवरायला सांगणारे? माझं चुकत नव्हतं. फक्त आधी बरोबर असण्यात जी मजा होती ती आता नव्हती. दुखऱ्या दाताकडे जीभ जावी तसं मन त्या बारीक मानेकडे जात होतं.

मग एका सकाळी बाबांचाच फोन आला. ‘काढा ते,’ ते म्हणाले. ‘पाळकांना मी कळवलंय. दोन कडव्यांचं गाणं राहील. त्याच्या जागी नवं कडवं लिहून मागू नका, मी देणार नाही.’ मी बरं म्हटलं. ते फोन ठेवतील असं वाटलं. ‘त्या डॉक्टरांकडे मला घेऊन चल,’ ते म्हणाले.

‘कशाला, बाबा?’

‘मित्र काय करतात ते तू सांगितलंस. आता त्यांनी काय करायला हवं होतं तेही शास्त्रातच आहे. बोलायला तोंड उघडण्याआधी ते सात दिवस ईयोबाशेजारी नुसते बसून राहिले होते. तेवढंच त्यांनी नीट केलं.’ जरा थांबून म्हणाले, ‘मला सात दिवस जमणार नाही. कंबर धरते.’

डॉक्टरीणबाईंनी दवाखाना पुन्हा सुरू केला होता. घरी बसवत नाही, म्हणाल्या होत्या कुणालातरी. आम्ही दुपारी गेलो, शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडत असताना. आत तोच लवंगेच्या तेलाचा आणि रबराच्या हातमोज्यांचा वास होता. मदतनीस मुलगी जेवायला गेली होती. बसायला एक फिरतं स्टूल आणि पेशंटची ती मोठी खुर्ची, एवढंच. डॉक्टरांनी बाबांना खुर्ची दाखवली, आणि बाबा संकोचून तिच्या कडेला बसले, पाय लोंबकळत, वरचा दिवा विझलेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टर स्टूलवर. त्यांचे डोळे कोरडे होते आणि मास्कच्या पट्ट्यांनी कानांमागे लाल वळ उठले होते.  कोपऱ्यातला हवेचा पंप मधूनच घुरघुरायचा आणि गप्प व्हायचा. बाबा खरोखर नुसते बसले होते. ज्या माणसाला मी जन्मात कधी शब्दावाचून पाहिलं नव्हतं, तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहत होता, आणि मला कळेना की मी खोकावं की पाण्याबद्दल विचारावं.

डॉक्टरच म्हणाल्या, ‘काका, ते गाणं तुमचं ना?’

‘हो.’

‘तुमचाही मुलगा गेला होता म्हणतात.’

‘हो.’

‘मग मला खरं सांगा. तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं? माळी, फूल, ते सगळं?’

मी बाबांकडे पाहिलं. ते आता पट्टी हातात नसलेल्या माणसासारखे, रेषा कुठे टाकायची ते न कळल्यासारखे बसले होते. ‘वाटलं होतं,’ ते म्हणाले. ‘थोडे दिवस. खोटं नाही सांगत. त्या दिवसांतच लिहून मोकळा झालो.’

डॉक्टरांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला आधी तो हुंदका वाटला, पण तो हसण्याचा होता, कोरडा, अर्धा. ‘आणि नंतरचे दिवस?’ त्यांनी विचारलं. ‘त्यांचं गाणं कुठाय?’

‘घेतलं होतं लिहायला. पुष्कळदा. चालीत बसलं नाही.’

‘चालीत कशाला? नुसतं सांगा.’

आणि बाबांनी सांगितलं. आधी अडखळत, मग जरा सुटं, वाक्याला वाक्य न जुळवता. गोटूला गोल दिसेल ते सगळं चंद्र वाटायचं. ताटली चंद्र, गाडीचं चाक चंद्र. तेव्हाच्या पाळकांना टक्कल होतं. भर उपासनेत ते प्रार्थनेला वाकले आणि हा बाबांच्या खांद्यावरून ओरडला, चंद्र! तो गेल्यावर बाबा ऑफिसात शहराचे नकाशे काढायचे, आणि पाण्याच्या टाक्या, कारंजी, जिथे जिथे वर्तुळ काढायची वेळ यायची तिथे त्यांचा कंपास थांबायचा. वर्षभर ते वर्तुळं शेजारच्या माणसाकडून काढून घेत होते. देवाशी ते तेव्हा बोलत नव्हते. रविवारी चर्चमध्ये त्यांचं गाणं गायलं जायचं, लोक हात हातात घ्यायचे, आणि ते देवाशी बोलत नव्हते. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. मी भिंतीला टेकून ते ऐकत होते आणि माझ्या भावाला पहिल्यांदाच आवाज येत होता, फोटोला नसतो तो. मला शास्त्रातलं काही आठवलं नाही. हे कशाशी ताडून पाहावं असंही वाटलं नाही.

बाबा थांबले. डॉक्टर त्यांच्याकडे पाहत नव्हत्या, त्या खुर्चीशेजारच्या ट्रेमधली हत्यारं एका बोटाने सरळ करत होत्या.

‘तिचा दात हलत होता,’ त्या म्हणाल्या. ‘पुढचा. माझ्याकडून काढून घेत नव्हती. म्हणायची, तू नको, तू डॉक्टर आहेस. जिभेने हलवत बसायची दिवसभर, हॉस्पिटलातसुद्धा. मी म्हटलं, राहू दे, आपोआप पडेल.’

असल्या वेळी बाबांना काय काय सुचतं ते मला ठाऊक आहे. मला स्वतःला निदान तीन वाक्यं सुचली, तिन्ही शास्त्राला धरून. मी ओठ मिटून घेतले.

‘वरचा की खालचा?’ बाबांनी विचारलं.

‘वरचा.’ डॉक्टरांनी स्वतःच्या दातावर बोट ठेवलं आणि त्या बाबांकडे वळल्या. ‘हा. डावीकडचा.’

बाबा नीट दिसावं म्हणून पुढे वाकले.